विमानाची वेळ बदलली, तिकीट ऑनलाइन एजन्सीचं: ‘रद्द करा’ दाबण्याआधी हे तपासा

माझं दुकान विट्यात आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, रेल्वे-विमानाची तिकिटं, असं सगळं. आमच्या विटा-खानापूर-आटपाडी भागात घरटी एखादा माणूस गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात बाहेर असतो. कोणी कोइमतूरला, कोणी गुवाहाटीला, कोणी लखनौला. ही मंडळी दिवाळीला आणि गावच्या जत्रेला येतात. हल्ली तिकीट कोणीतरी पुतण्या घरबसल्या ॲपवरून काढतो, चारशे रुपये स्वस्त मिळालं म्हणून खूश असतो, आणि दोन महिन्यांनी विमान कंपनीनं वेळ बदलली की तो मोबाईल माझ्या काउंटरवर येतो. “ताई, ह्ये बघा की जरा.”

गेल्या दिवाळीत एक तात्या आले. पुणे–कोइमतूर परतीचं तिकीट, वेळ चार तासांनी अलीकडे आलेली. तात्यांनी रागानं ॲपमध्ये ‘रद्द करा’ दाबलं होतं. तिकीट ६,२०० रुपयांचं, परत मिळणार ९४०. वेळ बदलली विमान कंपनीनं, पण तात्यांनी जे बटण दाबलं त्याचा अर्थ होतो ‘माझा मीच जायचा बेत मोडला’. एजन्सीच्या यंत्राला तात्यांचा राग कळत नाही, बटण कळतं. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता कोणी मोबाईल पुढे केला की माझा पहिला प्रश्न असतो, “काय दाबलंय का अजून?”

लक्षणं

यातलं एक जरी दिसलं तरी पुढचं सगळं वाचा:

- विमान कंपनीचा एसएमएस नवी वेळ सांगतोय, एजन्सीचं ॲप जुनीच वेळ दाखवतंय. किंवा याच्या बरोबर उलटं.
- एजन्सीचा मेल आलाय: वेळ बदलली आहे, ‘स्वीकारा’ दाबा.
- ॲपमध्ये हिरव्या अक्षरात ‘कन्फर्म’, पण विमान कंपनीच्या साइटवर बुकिंग उघडतच नाही.
- मधल्या विमानतळावर तीन तास मिळत होते, आता चाळीस मिनिटंच उरलीत. किंवा आख्खी रात्र काढावी लागतेय.
- घरचे चौघे एका तिकिटावर होते, आता दोघं सकाळच्या विमानात आणि दोघं संध्याकाळच्या.
- कुठलाच निरोप नाही, पण वेब चेक-इन होत नाही.

हे का होतं

विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी लागतं, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. कंपन्या तिकिटं मात्र कितीतरी महिने आधीपासून विकतात. म्हणजे जुलैत नोव्हेंबरचं तिकीट काढलं, तर तुम्ही न ठरलेल्या वेळापत्रकातलं तिकीट घेतलेलं असतं. आमच्याकडं दिवाळी नेमकी या सांध्यावर येते. शिवाय पुण्याचा विमानतळ मुळात हवाई दलाचा, तिथं धावपट्टी कधी आणि किती तास मिळेल हे कंपनीच्या एकटीच्या हातात नसतं. २०२१ मध्ये १६ ते २९ ऑक्टोबर तो धावपट्टीच्या कामासाठी पूर्ण बंद होता. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं येतं ते वेगळंच. तेव्हा वेळ बदलली म्हणून घाबरू नका. खरा घोळ वेळेचा नसतो, एकच तिकीट दोन वह्यांत लिहिलेलं असतं त्याचा असतो. एक वही विमान कंपनीची, दुसरी एजन्सीची. कंपनीच्या वहीत खाडाखोड झाली की एजन्सीच्या वहीत ती आपोआप उतरतेच असं नाही.

आता तपासण्या. फुकटच्या आणि सोप्या आधी.

१. निरोप खरा आहे का

मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवू नका. गूगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधून सापडलेल्या नंबरला तर अजिबात फोन करू नका. यातले कितीतरी नंबर भामट्यांनीच टाकलेले असतात. “रिफंड देतो, हे ॲप टाका” म्हणाला की समजा स्क्रीन त्याच्या हातात गेली. नंबर घ्यायचा तो तिकिटाच्या पीडीएफवरचा, नाहीतर कंपनीच्या साइटवर स्वतः पत्ता टाइप करून. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन, उद्यावर ढकलू नका.

२. कंपनीच्या वहीत काय लिहिलंय

एजन्सीच्या तिकिटावर दोन-तीन नंबर असतात आणि लोक नेमका चुकीचा सांगतात. लांबलचक असतो तो एजन्सीचा बुकिंग आयडी, तो विमान कंपनीला ओळखू येत नाही. आपल्याला हवा तो सहा अक्षरी पीएनआर. तो आणि आडनाव घेऊन विमान कंपनीच्या साइटवर ‘मॅनेज बुकिंग’मध्ये जायचं. तिथं दिसेल ती वेळ खरी धरायची, ॲपमधली नाही.

उघडत नसेल तर आधी नाव बघा. आपल्याकडं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिहेरी प्रकरण, आणि पुतण्यानं फॉर्म भरताना आडनावाच्या रकान्यात वडिलांचं नाव टाकलेलं असतं. मग आडनावाच्या जागी तेच टाकून बघायचं. निम्म्या वेळा एवढ्यानंच उघडतं.

उघडलं की लगेच दोन कामं. एक, पानाचा फोटो काढून ठेवा, तारीख-वेळ दिसेल असा. दुसरं, संपर्काचा मोबाईल आणि मेल बघा. बऱ्याच वेळा तिथं एजन्सीचाच नंबर असतो, म्हणजे कंपनीनं इमानदारीत पाठवलेला निरोप तुमच्यापर्यंत पोचतच नाही. तिथं आपला नंबर टाका. डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, त्याच्या नियमात साफ लिहिलंय की बुकिंगच्या वेळी पुरेसा संपर्क न दिलेल्या प्रवाशाला विमान रद्द झाल्यावर नुकसानभरपाई मिळत नाही. म्हणून पुढच्या वेळेला तिकीट काढतानाच प्रवाशाचा स्वतःचा नंबर घाला. पुतण्याचा नको.

३. नेमकं काय बदललं

लोक फक्त तास बघतात. तारीख, विमानतळ आणि टर्मिनल बघत नाहीत.

तारखेचा एक किस्सा सांगते. गुवाहाटीला जाणारं कुटुंब, पुण्याहून ८ नोव्हेंबरला रात्री २३:५५ चं विमान. वेळ बदलून झाली ००:२५, तारीख ९ नोव्हेंबर. घरच्यांनी वाचलं ‘९ तारीख, रात्री’, आणि ९ तारखेला रात्री सामानसुमान घेऊन लोहगावला, पुण्याच्या विमानतळावर, पोचले. विमान आदल्या रात्रीच गेलेलं, कारण ९ तारखेचे ००:२५ म्हणजे ८ तारखेची रात्रच. बदल होता अर्ध्या तासाचा, चुकले चोवीस तासांनी. तेव्हापासून मध्यरात्रीनंतरचं विमान असलं की मी तिकिटावर पेननं लिहून देते: ‘घरातून निघायचं — शनिवारी दुपारी जेवून.’

विमानतळाचं म्हणाल तर आता मुंबईत दोन झालेत. नवी मुंबईहून डिसेंबर २०२५ पासून विमानं उडायला लागलीत. जुन्याचा कोड बीओएम, नव्याचा एनएमआय. आपल्याला द्रुतगती मार्गानं जाताना नवी मुंबई अलीकडे पडते, त्यामुळे बदल झाला तर बरंच आहे, पण कळलं तर. गोव्यातही दाबोळी आणि मोपा असे दोन आहेत. त्यामुळे शहराचं नाव वाचून पुढं जाऊ नका, कोड वाचा.

४. तिकीट एक की दोन

स्वस्त मिळावं म्हणून ॲप कधीकधी दोन वेगळ्या कंपन्यांची विमानं एकाच पडद्यावर जोडून दाखवतं. दिसायला एक प्रवास, आतून दोन तिकिटं. ओळखायचं कसं? ई-तिकीट नंबर बघा. तो तेरा आकडी असतो आणि पहिले तीन आकडे कंपनीचे असतात, उदाहरणार्थ ०९८ म्हणजे एअर इंडिया, १७६ म्हणजे एमिरेट्स. दोन्ही टप्प्यांवर एकच नंबर असेल तर प्रवास एका तिकिटावर आहे, पहिलं विमान सरकल्यामुळे दुसरं हुकत असेल तर पुढं पोचवायची जबाबदारी त्यांची. पीएनआर दोन आणि तिकीट नंबरही दोन असतील तर पहिलं विमान पाच तास सरकलं तरी दुसऱ्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नाही. अशा वेळी जी कंपनी वेळ बदलतेय तिच्याकडूनच आधीचं विमान मागून घ्यायचं, दुसऱ्या तिकिटाला हात लावायचा नाही.

५. स्वीकारायचं की नाही

‘स्वीकारा’ दाबलं की नवी वेळ तुम्हाला मान्य झाली. मग दोन दिवसांनी “नाही हो, जमत नाही” म्हणालात तर फुकट बदल मिळवणं अवघड. म्हणून आधी घरात बसून हिशोब करा. विट्याहून कराड, सातारा, खंबाटकी करत पुणं म्हणजे गाडीनं साडेचार-पाच तास, घाटात ट्रक बंद पडला तर जास्त. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. सकाळी दहाचं विमान सहाचं झालं तर पुण्याच्या माणसाला ते चार तास, आपल्याला मात्र रात्रीचा मुक्काम किंवा रात्रीत गाडी. याच्या उलट दोन तास पुढं गेलं तर उलट बरंच, जेवून निघता येतं. तेव्हा मुकाट्यानं स्वीकारा आणि मोकळे व्हा. प्रत्येक बदलावर भांडायची गरज नसते.

हक्क काय आहेत ते थोडक्यात. देशातल्या विमानांसाठी डीजीसीएचा नियम असा की विमान रद्द करायचं तर दोन आठवडे आधी कळवून दुसरं विमान किंवा पैसे परत, प्रवाशाला जे मान्य असेल ते द्यायचं. दोन आठवड्यांपेक्षा कमी पण चोवीस तासांपर्यंत आधी कळवलं तर मूळ वेळेपासून दोन तासांच्या आत सुटणारं दुसरं विमान किंवा परतावा. त्याहून उशिरा कळवलं तर वर नुकसानभरपाईही: एक तासापर्यंतच्या प्रवासाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यापुढं १०,०००, किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी असेल ते. धुकं, पूर, संप असं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर भरपाई नाही. विमान सहा तासांहून जास्त उशिरा सुटणार असेल तरी दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो.

पण विमान रद्द न करता वेळच दोन-तीन तास हलवली, तर कंपनीचं स्वतःचं धोरण बघावं लागतं. कोणी एक तास अलीकडे किंवा दोन तास पलीकडे गेलं की फुकट बदल देतं, कोणाची मर्यादा याहून मोठी. ते कंपनीच्या साइटवर लिहिलेलं असतं. ते पान उघडून त्याचाही फोटो काढा, फोनवर कामाला येतो.

६. फोन करण्याआधी पर्याय कागदावर

“काहीतरी करून द्या” म्हणालात तर समोरचा त्याच्या सोयीचं करतो. त्याच कंपनीची त्या दिवशीची, आदल्या आणि दुसऱ्या दिवशीची विमानं बघा, नंबरासकट लिहून घ्या. कोल्हापूरही बघा. तिथला उजळाईवाडीचा विमानतळ विट्यापासून दोन-अडीच तासांवर आहे. विमानं कमी, पण कधीकधी पुण्यापेक्षा सोपं पडतं. त्याच कंपनीचं कोल्हापूरहून विमान असेल तर बदलून मागून बघायला काय जातं? दोनदा मिळालंय मला, चारदा नाही म्हणालेत.

७. फोन कोणाला

इथं लोकांचा चेंडू होतो. कंपनी म्हणते एजन्सीला विचारा, एजन्सी म्हणते कंपनीनं परवानगी दिली नाही. माझी पद्धत ठरलेली आहे. आधी विमान कंपनी. पहिलंच वाक्य: “वेळ तुम्ही बदललीय, मला या नंबरचं विमान द्या.” बऱ्याच कंपन्या स्वतःच्या बदलासाठी एजन्सीचं तिकीटही स्वतः बदलून देतात, विशेषतः उड्डाण जवळ आलं की. नाही म्हणाले तर दुसरं वाक्य: “मग विनाशुल्क बदलाला तुमची हरकत नाही, असं बुकिंगमध्ये रिमार्क टाका.” तो टाकला की बोलणाऱ्याचं नाव, वेळ लिहून घ्या आणि मग एजन्सीला फोन करा: “रिमार्क पडलाय, उघडून वाचा.” आता एजन्सीला बोट दाखवायला कोणी उरत नाही.

पैसे परत हवे असतील तर ॲपमधलं साधं ‘रद्द करा’ नकोच. ‘विमान कंपनीनं वेळ बदलली’ किंवा ‘विमान रद्द झालं’ असा पर्याय शोधा. नसेल तर चॅटवर किंवा मेलवर, म्हणजे लेखी, मागणी करा. फोनवर काय बोललो ते नंतर कोणालाच आठवत नाही.

८. बदललं म्हणाले, पण तिकीट बदललं का

ही तपासणी जवळजवळ कोणीच करत नाही, आणि विमानतळावर रडायची वेळ येते ती इथंच.

बुकिंग आणि तिकीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बुकिंग म्हणजे जागा धरली, तिकीट म्हणजे तिचे पैसे चिकटवले. वेळ बदलली की बुकिंगमध्ये नवं विमान येतं, पण तिकीट जुन्याच विमानाचं राहतं. ते एजन्सीनं नव्यानं काढावं लागतं. नाही काढलं तर काउंटरवरची मुलगी म्हणते, “जागा दिसतेय, पण तिकीट जुळत नाही.”

आमच्या गल्लीतल्या वहिनींचा मुलगा शिकायला जर्मनीला निघाला होता, मुंबईहून, मध्ये एका ठिकाणी विमान बदलून. वेळ बदलली, एजन्सीनं ‘झालं’ असा मेल पाठवला. निघायच्या पाच दिवस आधी वहिनी केळवणाचं आमंत्रण द्यायला आल्या, तेव्हा सहज म्हणून मी साइट उघडली. पहिल्या टप्प्यासमोर तेरा आकडी नंबर होता. दुसऱ्यासमोर मोकळी जागा. वहिनींना काय सांगावं कळेना. त्यांच्या हातात अजून कुंकवाचा करंडा. त्या तिथंच स्टुलावर बसल्या आणि मी फोन लावला. एजन्सीचा माणूस तीनदा म्हणाला, “मॅडम, कन्फर्म आहे.” मी तीनदा म्हणाले, “तिकीट नंबर वाचून दाखवा.” चौथ्या वेळेला तो गप्प झाला आणि म्हणाला, “दोन तास द्या.” रात्री नऊला नवं तिकीट आलं.

तेव्हा बदलानंतर कंपनीच्या साइटवर प्रत्येक टप्प्यासमोर, प्रत्येक माणसासमोर तिकीट नंबर दिसतोय का बघा. तिथं दिसत नसेल तर कंपनीला फोन करून विचारा, “तिकीट रीइश्यू झालंय का?” त्याच दमात सीट, जेवण, जास्तीचं सामान आणि आजीची व्हीलचेअरही विचारा. विमान बदललं की हे सगळं गळून पडू शकतं. घरची माणसं दोन विमानांत विभागली गेली असतील तर तेही याच फोनवर, लहान मूल कोणाबरोबर आहे ते आधी सांगून.

९. पैसे अडकले तर

आधी बँकेच्या स्टेटमेंटवर बघा, पैसे कोणाच्या नावानं कापले गेलेत. बहुतेक एजन्सीच्या. मग परतावाही त्याच वाटेनं उलटा येतो: कंपनी, एजन्सी, मग तुमचं कार्ड. कंपनीला विचारा, “तुमच्याकडून एजन्सीला पैसे कधी गेले?” तारीख मिळाली की एजन्सीला तीच तारीख सांगा. “बँकेकडं पाठवलेत” म्हणाले तर एआरएन नंबर मागा. तो घेऊन बँकेत गेलात तर पैसे कुठं आहेत ते शोधता येतं. आणि एक लक्षात ठेवा: एजन्सीमार्फत तिकीट असलं तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच, कारण एजंट हा तिचाच नेमलेला प्रतिनिधी, असं डीजीसीएचा नियम सांगतो. परताव्याऐवजी कंपनीच्या खात्यात पुढच्या प्रवासासाठी रक्कम ठेवायची की नाही, हेही प्रवाशानं ठरवायचं.

कुठं थांबायचं

उड्डाणाला दोन दिवसांहून कमी उरलेत आणि तिकीट जुळत नाही, तर मोबाईल खाली ठेवा आणि विमानतळावरच्या कंपनीच्या तिकीट काउंटरवर माणूस पाठवा. पुण्यात कोणी ना कोणी पाहुणा असतोच. व्हिसाची तारीख, ऑपरेशन किंवा परीक्षा मध्ये असेल तर तेही काम घरबसल्या करू नका. तिकीट ‘रिफंडेड’ दिसत असेल आणि तुम्ही रद्द केलेलं नसेल, तरी नाही.

माझ्यासारख्या गावातल्या एजंटाकडून फार अपेक्षा ठेवू नका. दुसऱ्या एजन्सीनं काढलेलं तिकीट आमच्या यंत्रात उघडत नाही. आम्ही सल्ला देऊ, फोन करू, फार तर नवं तिकीट काढू. “दोन हजार द्या, तुमचं जुनं तिकीट मी बदलतो” असं कोणी म्हणालं तर तो थापा मारतोय.

तक्रारीचा क्रम असा: आधी एजन्सी आणि कंपनी दोघांच्या तक्रार अधिकाऱ्यांना एकच मेल. मग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं एअरसेवा पोर्टल. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. त्यानंही हललं नाही तर सांगलीचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथंच दावा लावता येतो, कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असलं तरी. आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. इथं मात्र वकिलाला विचारा, रक्कम मोठी असेल तर नक्कीच.

तात्यांचं पुढं काय झालं? वेळ बदलल्याचा एसएमएस त्यांनी नशिबानं डिलीट केला नव्हता, आणि तो रद्द करण्याच्या आधीचा होता. तो जोडून मेल केला, उत्तर नाही. एअरसेवावर टाकलं. उरलेले ५,२६० रुपये सात आठवड्यांनी कार्डावर आले. तात्या कोइमतूरहून फोन करून म्हणाले, “ताई, ते कन्व्हिनियन्स फीचे साडेतीनशे?” ते नाही आले.